कुप्याचं लाल मांस

मासळीबाजारात कोळीण मावशींनी कुपा, म्हणजे ट्यूना मासा कापला. आतलं काळपट लाल मांस पाहून मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, "हा खराब आहे!"

मावशी हसल्या. "अरे दादा, हा जन्मभर पोहतो, म्हणून लाल. तुला कापलं तर पांढरा निघशील!"

डॉक्टरांनी बजावलं होतं, हृदय सांभाळायचं तर रोज चाला. आणि मी रोज रिक्षा शोधत होतो.

ती लाली म्हणजे मायोग्लोबिन, स्नायूत प्राणवायू साठवणारं प्रथिन. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं फार जुनं भावंड. देवमाशाला ते पाण्याखाली श्वास न घेता तगवतं. माझ्या मांड्यांत मात्र बिचारं कामाची वाट बघत बसलेलं.

कुपा घेतला आणि पिशवी उचलून चालत निघालो. चढावर धाप लागली, तशी एक रिक्षा शेजारी थांबली. "बसता का, काका?"

मी मानेनंच नाही म्हटलं. बोलण्याइतका श्वास उरला नव्हता; चालण्याइतका होता.