जेवणानंतरचा थांबा

७ डिसेंबर, रविवार. दुपटी गरम पाण्यात भिजत घातली आहेत, एकूण सोळा. आंबलेल्या दुधाचा वास निघायला तासभर तरी लागतो. म्हणजे तासभर हात मोकळे आहेत, आणि दोन ब्लाउज शिवून द्यायचे असूनही मशीनवर बसावंसं वाटत नाही. तेव्हा लिहिते.

माणसाच्या आयुष्यातली निम्मी दुःखं भरल्या पोटी गाडीत बसल्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी उतरणाऱ्यांना आधी उतरू न दिल्यामुळे, असं मनापासून मानणारे आमच्या वरच्या मजल्यावरचे भाऊ हे जगातले एकमेव गृहस्थ असावेत. भाऊ एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या खिडकीमागे बसून गाड्या सोडायच्या आणि माइकवरून पुकारा करायचा, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण ते फक्त स्टँडवरून. त्यांच्या दाराबाहेर एक काळा फळा टांगलेला आहे आणि त्यावर खडूने त्यांचा दिवस लिहिलेला असतो. ‘भाजी : प्रस्थान ०८.१५, आगमन ०८.५०.’ एकदा ते सव्वानऊला परतले, तर पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘विलंबाचे कारण : कोथिंबीर.’ भाऊ एकटे राहतात. हा फळा वाचणारं आमच्या इमारतीत कोणी नाही असं मला वाटायचं. मी मात्र गच्चीवर कपडे वाळत घालायला जिना चढता-उतरताना रोज वाचायचे.

गळ्यात शिटी असते. लिफ्ट आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आली, आणि पहिल्या दिवसापासून भाऊंनी तिला गाडीचाच दर्जा दिला. आत शिरायला कोणी घाई केली की शिटी. ‘‘आधी उतरू द्या! गाडी कुठं पळत नाय!’’ उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की ते गॅलरीत उभे राहून, पोट आत घेऊन, एरवीच्या नेरे गावाकडच्या बोलीचा मागमूस न ठेवता पुकारतात, ‘‘रहिवाशांनी इकडे लक्ष द्यावे. पिण्याच्या पाण्याचा टँकर गेट क्रमांक एकवर लागत आहे.’’ हंडा भरून झाला की पुन्हा, ‘‘ताई, वायच सरका, मागं लोक हायत.’’ दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत यावर नवीन भाडेकरूंचा आठवडाभर विश्वास बसत नाही.

माणसांचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार. गाडी लागणारे आणि न लागणारे. माझ्या मुलीच्या, मृणालच्या लग्नात जावयाची ओळख करून दिली, तर नोकरी कुठे, गाव कोणतं, हे काही न विचारता भाऊंनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘गाडी लागते का तुमाला?’’ जावई गोंधळून म्हणाला, ‘‘घाटात थोडी.’’ भाऊंनी लगेच खिशातून कागदाची पुडी काढली आणि आलेपाकाची वडी त्याच्या हातावर ठेवली. हारतुऱ्यांसकट जावयाने ती खाल्ली. ती पुडी भाऊंच्या खिशात कायम असते. स्टँडवरची जुनी सवय, असं मी धरून चालले होते.

आता चिनू. चिनू ही माझी नात, वय सोळा महिने. मृणाल आणि जावई समोरच्या इमारतीत राहतात, दोघं कामावर जातात, म्हणून सकाळी आठ ते संध्याकाळी सात चिनू माझ्याकडे. तान्ही बाळं दूध ओकतात, त्याचं मला काही वाटलं नाही. मृणालही ओकायची. पण वर्षाची झाली तरी चिनूचं थांबेना. खाल्लेलं वर यायचं, तिची पाठ धनुष्यासारखी ताठ व्हायची, मग रडणं, खोकला, आणि पुढच्या वेळी चमचा दिसला की तोंड घट्ट बंद. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जठराच्या तोंडाशी झाकणासारखी एक झडप असते, ती हिची सैल आहे. आतलं आंबट पाणी वर येऊन घसा जाळतं. औषध दिलं, तिखट-आंबट बंद केलं, थोडं थोडं भरवा म्हणाल्या आणि भरवल्यावर अर्धा तास सरळ धरा. बहुतेक मुलांचं वाढत्या वयाबरोबर सुटतं. पण हिचं वजन दोन महिने हललेलं नव्हतं, तेव्हा त्या म्हणाल्या, वीस डिसेंबरपर्यंत वाट बघू. तोवर वजन वाढलं नाही, तर मुंबईला नेऊन, भूल देऊन, नळी घालून आत बघावं लागेल.

‘भूल’ म्हटल्यावर मृणाल रिक्षात रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडून वजन वाढत असतं तर तू आत्ता शंभर किलोची असतीस. नळी घालायची नाही, वजन वाढवायचं, एवढं मी त्या रिक्षातच ठरवलं.

ठरवणं सोपं. चिनूला जेवल्यावर सरळ धरायचं म्हणजे जिवंत बांगडा हातात धरण्यासारखं. ती किंचाळायची, मागे झोकून द्यायची, आणि पाच मिनिटांत आम्ही हरायचो आणि तिला झोळीत घालायचो. झोळीत दोन झोके दिले की गप्प. मग पुढच्या दहा मिनिटांत सगळं बाहेर. एकदा झोळीतून उचलून तिला जिन्यात वारा खायला आणलं, तेवढ्यात भाऊ खाली उतरत होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. चिनूने तो शर्ट खांद्यापासून खिशापर्यंत बरबटवला. दुसरा कोणी मागे सरला असता. भाऊंनी जागचं न हलता घड्याळ पाहिलं.

‘‘जेवण किती वाजता झालं?’’

‘‘बारा दहाला.’’

‘‘आता बारा बावीस. मधे काय केलंत?’’

‘‘झोळीत घातलं होतं.’’

‘‘ताई!’’ भाऊंच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं. ‘‘जेवण झाल्या झाल्या पोरीला घाटात घातलीत? गाडी लागली तिला. जेवणानंतर थांबा पायजे. अर्धा तास.’’

डॉक्टरीणबाईंनी फी घेऊन जे सांगितलं, तेच या माणसाने शर्टावर ओकारी घेऊन सांगितलं. मी म्हटलं, थांबत नाही हो ती. तर भाऊ म्हणाले, ‘‘तुमी पुकारा करत नाय ना. कुठली गाडी, कधी सुटणार, काय सांगितलंच नाय तर पॅशिंजर बोंबलणारच.’’ आणि वर जाऊन, शर्ट बदलून, शिटी घेऊन ते परत आले.

तो पुकारा मी जन्मात विसरणार नाही. चिनूला खांद्याशी उभी धरून, माझ्या गॅलरीत येरझाऱ्या घालत, भारदस्त आवाजात, ‘‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. पनवेलहून पेणमार्गे अलिबागला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. चालक-वाहकांनी ताबडतोब कंट्रोल केबिनशी संपर्क साधावा.’’ चिनू गप्प. तोंड उघडं, डोळे भाऊंच्या हनुवटीवर. अलिबागनंतर उरण, उरणनंतर रोहा, मग महाड, मग श्रीवर्धन. अर्ध्या तासात भाऊंनी सगळा रायगड जिल्हा रिकामा केला. मधेच तिने खणखणीत ढेकर दिली, तर भाऊंनी शिटीत एक फुंकर मारली आणि म्हणाले, ‘‘सुटली!’’ चिनू हसली. जेवणानंतर ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

तेव्हापासून भाऊंच्या फळ्यावर रोज एक ओळ वाढली. ‘चिनू : १२.१० ते १२.४०.’ मग संध्याकाळच्या दुधानंतरचीही. ते कधी मिनिटभर उशिरा आले नाहीत. मी त्यांना चहा विचारायचे, तर म्हणायचे, ‘‘ड्यूटीवर नाय घेत.’’ दुपट्यांची एक बादली कमी झाली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काटा अडीचशे ग्रॅम पुढे गेला, आणि मृणालने भाऊंना वाकून नमस्कार केला, तो त्यांनी ‘‘अगं, मागं उभी राहा, पोरगी खांद्यावर हाय’’ असं म्हणत जेमतेम घेतला.

आणि मग पुन्हा सुरू झालं. सात-आठ दिवस, कारण कळेना. रोज एकदा तरी उलटी, रात्री खोकला, वजन पुन्हा शंभर ग्रॅम खाली. मी टोमॅटो बंद केला, दही बंद केलं, मृणालच्या फ्रिजची झडती घेतली, दूधवाल्याला फैलावर घेतलं. गुरुवारी दुपटं पिळताना एका कोपऱ्याला तपकिरी चिकट डाग लागला हाताला. हुंगला. आल्याचा वास.

बारा दहाला भाऊ आले, तेव्हा मी ते दुपटं हातात घेऊन दारातच उभी होते.

‘‘हे काय आहे, भाऊ?’’

‘‘आलेपाक,’’ ते सरळ म्हणाले, थोडं अभिमानानेच. ‘‘नखाएवढा. जिभेला लावतो फक्त. संध्याकाळचं दूध अजून थोडं वर यायचं, ती एक गाडी रोज चुकत होती ना, म्हटलं तेवढी पण वेळेवर करू.’’

‘‘तिचा घसा आतून सोललेला आहे आणि तुम्ही त्यावर आलं लावता?’’

‘‘गाडी लागते त्याला आलेपाकच देतात, ताई. आख्खं आयुष्य दिला मी.’’

‘‘तिला गाडी लागत नाही! तिच्या पोटाचं झाकण सैल आहे! तुम्ही डॉक्टर नाही, कंट्रोलर आहात. तेही निवृत्त.’’

हे मी बोलले. चिनूच्या वजनाचे शंभर ग्रॅम माझ्या डोक्यात होते, पण ते कारण झालं, बोलणं माझंच. भाऊंनी घड्याळ पाहिलं. खिशातली पुडी काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवली. मग हळू आवाजात, पुकाऱ्याच्या नाही आणि जिन्यातल्याही नाही अशा आवाजात म्हणाले, ‘‘मला अजून लागते, ताई. म्हणून वाटलं.’’ आणि वर गेले.

रागात ते वाक्य माझ्या कानावरून गेलं. काल मृणालला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘आई, तुला माहीत नव्हतं? भाऊ आधी कंडक्टर होते. रोज घाटात उलट्या व्हायच्या, म्हणून साहेबांच्या हातापाया पडून खिडकीत बसले.’’ त्यांचा मुलगा चिपळूणला असतो. नातू तीन वर्षांचा, भाऊंनी त्याला दोनदा पाहिलाय. वाटेत घाट आहे. इथून रेल्वे जाते, पण एसटीच्या माणसाने रेल्वेने जायचं हे भाऊंना मान्य नाही. मी इतकी वर्षं समजत होते की म्हाताऱ्याला मुलानातवाची माया नाही. ती पुडी स्टँडवरची सवय नव्हती. ते त्यांचं स्वतःचं औषध होतं. जन्मभर लोकांना सोडायला उभा राहिलेला माणूस आणि आपण स्वतः कुठे जाऊ शकत नाही, हे कोणाला सांगायचं नाही म्हणून एवढी शिटी.

आलं बंद झालं, आणि खोकला कालपासून कमी आहे, म्हणजे ते माझं बरोबरच होतं. पण शुक्रवारपासून दुपारची ओकारी आहेच, कारण अर्धा तास आता कोणाकडेच थांबत नाही पोर. मृणालने फोनवर एसटीच्या पुकाऱ्याची ध्वनिफीत लावली, चिनूने फोन फेकला. आज मी स्वतः करून पाहिलं. ‘‘अलिबागला जाणारी गाडी फलाट दोनवर…’’ चिनूने माझ्याकडे असं पाहिलं, जसं खोटं तिकीट विकणाऱ्याकडे बघावं. अलिबाग तीनवर लागते. तिला माहीत आहे. मग तिने जे खाल्लं होतं ते सगळं माझ्या पदरावर परत केलं. वीस तारखेला तेरा दिवस उरलेत.

मघाशी वर जाऊन आले. फळा कोरा आहे. भाजीसुद्धा नाही. बारा वर्षांत मी तो फळा कोरा पाहिलेला नाही.

दुपटी झाली असतील. उठते.

८ डिसेंबर, सोमवार. सकाळी आठला चिनूला कडेवर घेऊन वर गेले. दार वाजवलं नाही. माफी मागायची मला कधी नीट जमली नाही, दाराबाहेर उभी राहून तर नाहीच. फळ्याशेजारच्या कोनाड्यातला खडू घेतला आणि लिहिलं : ‘चिनू. जेवण १२.१०. थांबा अर्धा तास. कंट्रोलर हजर राहावे. आलेपाक नेण्यास मनाई.’ अक्षर वाकडं आलं, कारण कडेवरची खडू मागत होती.

मागे कडी वाजली. भाऊ दारात उभे, दाढी वाढलेली, गळ्यात शिटी नाही. त्यांनी फळा वाचला, दोनदा. चिनूने त्यांच्या हनुवटीकडे हात केला. डॉक्टरीणबाई म्हणतात तसं हिचं झाकण एक दिवस घट्ट होईल, मग हा अर्धा तास कोणाला लागणार नाही, हे तेवढ्यात माझ्या मनात येऊन गेलं. पण ते पुढचं. चिपळूणच्या रेल्वेचंही मी काढणार आहे, वीस तारीख होऊन जाऊ दे. यांच्याशी भांडायला मला वेळ हवा.

‘‘फलाट क्रमांक टाकला नाय तुमी,’’ भाऊ म्हणाले.

मी खडू त्यांच्या हातात दिला, आणि खाली येऊन चिनूच्या खिचडीचे तांदूळ धुतले.