तिखट बेताचं

कॅनडातल्या सस्काटूनच्या ऑफिसात लंचच्या वेळी खानझोडे सर आपला डबा उघडून आधी माझ्यापुढे सरकवायचे. मी एक घास खाल्ला की विचारायचे, "काय लागून राहिलं? बरोब्बर सांग." मी सांगायचे, वांग्यात खोबरं आहे, तिखट बेताचं, शेवटी जरा आंबट. ते लक्ष देऊन ऐकायचे आणि मग सगळा डबा भराभर संपवायचे.

सर आता नाहीत. निवृत्तीनंतर नागपूरला परतले आणि दीड वर्षात गेले. कोविडमध्ये त्यांची चव आणि वास दोन्ही गेले होते, ते परत आलेच नाहीत. बाकी प्रकृती ठणठणीत होती. मातीच्या नमुन्यांचे रिपोर्ट पूर्वीसारखेच चोख लिहायचे. फक्त बायकोला, सुनंदाताईंना, त्यांनी हे सांगितलं नव्हतं. "मला काहीच लागत नाही म्हटलं, तर ती रांधेल कोणासाठी?" म्हणून माझी वाक्यं पाठ करून ते संध्याकाळी घरी ऐकवायचे. घरच्या जेवणाचं काय करता, असं मी एकदा विचारलं. "तिथं अंदाजपंचे," ते म्हणाले.

त्यांची शेवटची कॉन्फरन्स मॉन्ट्रियलला होती. सुनंदाताईही आल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं हॉटेलजवळच्या एका स्पॅनिश रेस्टॉरंटमध्ये गेलो. तिथे तापास मिळत, म्हणजे चार-चार घासांच्या छोट्या बशा, सगळ्यांनी मिळून खायच्या. वेट्रेस एकेक आणून ठेवत होती. लसणात परतलेले मश्रूम, मध घातलेलं तळलेलं चीज, लाल सॉसमधले बटाटे. दिवे मंद होते. सरांनी एक तुकडा तोंडात टाकला.

"वा! लसूण काय मस्त उतरलाय."

"अहो, ते चीज आहे," सुनंदाताई म्हणाल्या. "लसूण माझ्या पुढ्यात आहे."

सर हसायला गेले, पण त्या थांबल्या नाहीत.

"मला ठाऊक आहे. दोन वर्षं झाली. एकदा वरणात मीठ घालायचं राहिलं होतं, तुम्ही दोनदा मागून घेतलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं जमवून सांगायचे. मलाही ऐकावंसं वाटायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मीनल, तूच ना ती? तिखट बेताचं म्हणे! आमच्याकडे असं कोण बोलतं? तुम्हा पुण्याच्या लोकांचं ते."

मी मान डोलावली. सरांनी काटा खाली ठेवला होता.

"वाटलं, तू रांधणं सोडशील," ते म्हणाले.

"सोडून काय करू? जेवायचं तर दोघांना आहेच ना." सुनंदाताईंनी बटाट्यांची बशी सरांपुढे सरकवली. "खा. वरून कुरकुरीत आहेत. सॉस टमाट्याचा, थोडा जळका वास आहे, पण बरा लागतो."

त्यानंतर प्रत्येक बशी आली की त्या आधी चाखायच्या आणि सांगायच्या. माझं काम संपलं होतं.

शेवटी मातीच्या पसरट वाटीत दुधाचं काहीतरी गोड आलं, वर जाळलेल्या साखरेचा पापुद्रा. सुनंदाताईंनी चमचाभर खाल्लं.

"तुमच्या आईंच्या हातच्या खरवसासारखं आहे," त्या म्हणाल्या.

मीही चाखलं. त्यात संत्र्याची साल होती, दालचिनी होती. खरवसाशी त्याचा काही संबंध नव्हता.

सर डोळे मिटून खात होते. "वेलदोडा जास्त झाला."

"आई टाकायच्याच जास्त," त्या म्हणाल्या आणि वाटी त्यांच्याकडे सरकवली.