ब्रूडरची साखळी

अण्णांनी दिव्याकडे पाहिलं. एक हात वर केला, दिव्याच्या वर हवेत जरा चाचपडत फिरवला आणि खाली घेतला. मग स्वतःचं ताट उचलून ते बाहेर ओट्यावर निघून गेले. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, दिवा ओढून काढायलाच हात वर गेला होता, पाहुण्यांकडे पाहून थांबले.

टेबलाशी त्यांची मुलगी, जावई आणि दोन नाती होत्या. दुपारच्या गाडीने सुरतेहून आलेली मंडळी. अण्णांच्या पत्नी शोभाकाकू वरणाचं पातेलं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"उठी गयात ना ताई," त्या मला म्हणाल्या. "मी सांगं व्हतं ना तुमले."

खरं तर त्यांनी असं काही सांगितलं नव्हतं. सगळी कल्पना त्यांचीच. पण अशा वेळी डिझायनरने वाद घालू नये.

नवापूरला हायवेलगत माझं वर्कशॉप आहे. लोकांनी टाकलेलं फर्निचर आणि घरातलं भंगार आणायचं, त्याच्या नव्या वस्तू करायच्या. याला अपसायकलिंग म्हणतात. शिलाई मशीनच्या स्टँडवर बेसिन बसवायचं, मोडक्या पलंगाचा बाक करायचा. लोक फोटो काढतात, आम्ही खूश.

काकूंचं घर खांडबाऱ्याच्या रस्त्याला. घरामागे त्यांची पोल्ट्री होती, दोन शेड. एका हिवाळ्यात कोंबड्यांमध्ये रोग आला आणि दोन्ही शेडमधले सगळे पक्षी मारून पुरावे लागले. त्यानंतर अण्णांनी पिल्लं आणली नाहीत. शेती होती, घर चालत होतं. अडचण वेगळीच होती. जेवणघराच्या खिडकीतून शेड दिसतं, म्हणून अण्णा तिथे बसेनात. दोन्ही वेळा ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून एकटे जेवायचे. काकू आत एकट्या जेवायच्या. असं दोन वर्षं चाललं होतं.

"शेडले पाठ दाखाडीसन किती दिन बसतीन?" काकू पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. "तठलं सामान घरमा आना. देखी देखी सवय व्हई जाई. माले त्या टेबलवर पाह्यजेत, बस."

मला हे धोक्याचं वाटलं. पण सामान पाहिलं आणि मोह झाला. सागाची दोन दारं, दाणे टाकायची गोल भांडी आणि एक ब्रूडर. ब्रूडर म्हणजे पत्र्याची मोठी छत्री, आत बल्ब. एका दिवसाची पिल्लं आली की पहिले काही दिवस त्यांना तिच्याखाली ऊब देतात. कोंबडीच्या जागी ती छत्री. मला तेव्हा एवढंच माहीत होतं.

आमचे सलीमचाचा वेल्डर आणि पेंटर दोन्ही आहेत. त्यांनी सगळं सोड्याच्या पाण्याने धुतलं, आठवडाभर उन्हात ठेवलं. तरी पोल्ट्रीचा वास जाईना, म्हणून पुन्हा धुतलं. दारांचं टेबल झालं, भांड्यांच्या कुंड्या झाल्या. ब्रूडरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून त्यांनी रेड ऑक्साइड मारला, म्हणजे पुन्हा गंज चढू नये म्हणून लोखंडाला देतात तो तांबडा हात. त्यावर काळा रंग. ब्रूडरला वर एक लांब साखळी होती, ती मी कापायला सांगितली.

"मॅडम, चेन रहने दो," चाचा म्हणाले. "काम की चीज है."

"गोठ्यात टांगल्यासारखं दिसतं, चाचा. आणि दिवा हलतो. रॉड लावा."

आमच्या धंद्यात जेवणाच्या टेबलापासून दिवा तीस इंचांवर टांगायचा असा नियम आहे. मी टेप लावून बरोबर तीस इंच मोजले आणि रॉड पक्का वेल्ड करून घेतला. आत तारेचा मोठा, जुन्या पद्धतीचा बल्ब लावला. फोटो फार सुरेख आला.

आणि आज हे असं झालं. मी ओट्यावर गेले. ताट समोर होतं, अण्णा जेवत नव्हते.

"अण्णा, मन्हं चुकनं," मी म्हटलं. "सकायले दिवा काढी लिसू."

"दिवा कसाले काढतस? चांगला शे."

"मंग तुम्हीन उठनात कसाले?"

त्यांनी मानेनेच आत खूण केली. "त्या कशा बठेल शेत, देख बरं ताई."

मी दारातून पाहिलं. मुलगी आणि जावई टेबलाच्या दोन टोकांना. नातींनी खुर्च्या मागे ओढून ताटं मांडीवर घेतली होती. बल्बचा झोत डोळ्यांवर येत होता, शिवाय तो तापलाही होता. दिव्याखालची मधली जागा रिकामी होती.

"ब्रूडर टेप लाईसन नही टांगतस," अण्णा म्हणाले. "पिलं देखीसन टांगतस. खाले गर्दी करी बठनात, म्हंजे थंडी वाजी ऱ्हायनी. साखयी खाले सोडानी. कडाले पयनात, म्हंजे तपी ऱ्हायनं. वर लेवानी. मोकया फिरी ऱ्हायनात, खाई-पी ऱ्हायनात, म्हंजे बरोबर."

मग आतल्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मन्हा हात वर गया. साखयीच नही. तठे बशीसन मी काय करू?"

मला शरम वाटली, सरळच सांगते. शेडची आठवण सहन न होऊन माणूस उठला, असं मी धरून चालले होते. ते त्यांचं काम करायला गेले होते. त्या कामाची साखळी मीच दिसायला बरी नाही म्हणून कापली होती.

सकाळी चाचांना फोन केला. नवी साखळी आणा म्हणायच्या आतच ते म्हणाले, "रखी है मॅडम. मैंने फेंकी कहाँ?" त्यांनी कटरने रॉड काढला, साखळीत वायर ओवली आणि साखळी छताच्या हुकात अडकवली. तापणारा बल्ब काढून छोटा पिवळा एलईडी लावला. मी सवयीने टेप काढली. अण्णांनी ती माझ्या हातातून घेऊन खिडकीत ठेवून दिली.

"आत्ते नही. सांजले, सगळा बठतीन तवय."

संध्याकाळी सगळे बसले. अण्णा उभे राहिले. ते दिव्याकडे बघतच नव्हते, माणसांकडे बघत होते. दोन कड्या वर घेतल्या आणि थांबले. धाकट्या नातीने खुर्ची पुढे ओढली. थोरलीने ताट मांडीवरून टेबलावर ठेवलं. "आजून एक," अण्णा स्वतःशीच म्हणाले, आणखी एक कडी वर घेतली आणि खुर्ची ओढून बसले. खिडकी त्यांच्या अगदी समोर होती. काकूंनी त्यांना भाकरी वाढली. मला कोणी बस म्हटलं नव्हतं, पण वांग्याचं भरीत होतं, म्हणून मीही बसले.

महिन्याभराने कुंड्यांना गंज चढलाय का हे विचारायला मी काकूंना फोन केला. कुंड्या ठीक होत्या.

"आनि दिवा?"

"सुरतवाला उनात का वर लेतस," काकू म्हणाल्या. "आम्ही दोन्हीच ऱ्हायनूत का पार खाले सोडतस. इतला खाले, का माले खुर्ची लिसन त्यासनाजवळ सरकनं पडस."

तीस इंचांचा नियम मी अजून पाळते. फक्त कटर चालू करण्याआधी ती वस्तू वापरणाऱ्या माणसाला विचारून घेते, की हिला तुम्ही हात कुठे लावायचात.