उद्या सी डे आहे

पोरीनं जहाजाची तिकिटं हातात ठेवली तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, "तिथं स्वयंपाक कोण करतं?"

"आई, क्रूझ आहे ती. पाच दिवस तू फक्त बसायचंस."

पोरगी आयटीत आहे, पिंपळे सौदागरला राहते, तिला बसायचं कसं ते ठाऊक आहे. आमच्या काळेवाडीच्या घरात बसणं हे पाहुण्यांचं काम. तरी मी हो म्हटलं, कारण आमचे हे नुकतेच चाकणच्या कंपनीतून रिटायर झाले होते आणि घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं कशी लावायची हे मला शिकवत होते. पाच दिवस ते दुसऱ्या कुणाला तरी शिकवतील, म्हटलं.

पण जायच्या आधी मी एक अट घातली.

एकतीस वर्षं ह्यांच्या पाळ्या होत्या. एक आठवडा ए, एक आठवडा बी, एक आठवडा सी. ए शिफ्टला पहाटे डबा घेऊन कंपनीच्या बसमागं पळायचे, बी शिफ्टला मी वाट बघत पेंगलेली असायची, आणि सी म्हणजे रात्रपाळी, तेव्हा दिवसभर झोपलेले. रविवारी ओव्हरटाइम. आणि नसला ओव्हरटाइम तर हे, पोरं, गावाकडून आलेलं कुणीतरी, सगळे पंगतीला आणि मी तव्यापाशी. चपाती फुगली की टाक ह्यांच्या ताटात. "तू पण बस ना," असं कुणी म्हटलंच तर माझं उत्तर ठरलेलं, "तुम्ही जेवा, माझं होतंय नंतर." नंतर म्हणजे काय, तर डब्यातली सगळ्यांत खालची वातड चपाती, तीही ओट्याला टेकून.

आणि हे जेवायचे तरी कसे! सात मिनिटांत ताट साफ. मी एकदा घड्याळ लावून बघितलंय. एवढं घाम गाळून करायचं आणि हे कॅन्टीनमध्ये बसल्यासारखे मान खाली घालून भराभर गिळणार आणि उठणार. माझ्या हाताला चव आहे की नाही, हे मला शेजारणीकडून कळायचं. लई राग यायचा मला त्याचा.

"ऐका," मी म्हटलं. "जहाजावर एकदा तरी आपण दोघांनी एका टेबलाला, एका वेळी, बसून जेवायचं. चपाती मला गरम पाहिजे आणि तुम्ही समोर पाहिजे. जमत असेल तर येते, नाहीतर तुम्ही एकटे जा आणि मासे मोजा."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

एवढंच म्हणे.

जहाज मुंबईहून सुटायच्या आधी सगळ्यांची कवायत झाली. संकट आलं तर कुठं जमायचं, जाकीट कसं घालायचं. "असेंब्ली पॉइंट" हा शब्द कानावर पडला आणि आमचे हे फुलले. कंपनीत हे सेफ्टी कमिटीवर होते ना! ह्यांनी आमच्या गटातल्या गुजराती मंडळींना रांगेत उभं केलं, बोटानं मोजलं आणि जहाजाच्या अधिकाऱ्याला जाऊन सांगितलं, "साहब, एक आदमी कम है." जहाजावर धावपळ झाली. कमी असलेला माणूस म्हणजे हे स्वतः. स्वतःला मोजायचं राहिलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही.

मला हसायला काय जातंय, मीही काही कमी नव्हते. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या मी बेसिनला बूच लावून पाणी भरून ठेवलं. आमच्याकडं पाणी एक दिवसाआड येतं. चारी बाजूंनी समुद्र दिसत असताना मी पिण्याच्या दोन बाटल्या भरून कपाटात लपवल्या.

जेवणाचं असं होतं. वरच्या मजल्यावर बुफे, तो सगळा वेळ चालू. पण खाली एक मोठा हॉल होता, पांढऱ्या चादरीची टेबलं, वेटर येऊन वाढणार. तो उघडायचा फक्त दुपारी, तोही जहाज कुठं थांबणार नसेल त्या दिवशी, आणि दोनला बंद व्हायचा. असे दिवस पाच दिवसांत दोनच होते. म्हणजे माझ्या अटीला दोनच संधी. पहिल्या संध्याकाळी आमची केबिन आवरणारा गोव्याचा माणूस आला आणि हसून म्हणाला, "मॅडम, कल सी डे है. फुल आराम."

"बरं," मी म्हटलं. हे पण "बरं" म्हणाले.

आता सी म्हटल्यावर आमच्या घरात काय व्हायचं ते सांगते. पडदे बंद. दारावरच्या बेलची वायर काढलेली. कुकर लावायचा नाही, शिट्टी होते. पोरं लहान असताना कॅरम खेळायची ते सोंगट्या बोटानं उचलून भोकात टाकायची, आवाज नको म्हणून. भाजीवाला खाली ओरडला तर मी खिडकीतून त्याच्यावर हात उगारायची.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी बुफेला गेलो. ह्यांनी सात मिनिटांत नाष्टा संपवला आणि खरकटी प्लेट घेऊन ती ठेवायची खिडकी शोधत निघाले. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये असते ना, तशी. दोन वेटर "सर, सर, छोडिए!" करत मागं पळाले. हे प्लेट सोडेनात. शेवटी हे जिंकले, प्लेट स्वतः आत नेऊन देऊन आले. केबिनमध्ये येऊन जांभई दिली, म्हणाले, "आज सी ना?" आणि पडदा ओढून आडवे झाले. दुसऱ्या मिनिटाला घोरणं सुरू.

आणि मी काय केलं? टीव्हीचा आवाज बंद केला. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. खुर्चीत बसून राहिले, बांगड्या मागं सरकवून, वाजू नयेत म्हणून. वर डेकवर नाचाची शिकवणी चालली होती, धाडधाड पाय आपटत होते, मी छताकडं बघून दातओठ खात होते. बाहेर एकजण व्हॅक्यूमचं मशीन घेऊन आला, त्याला मी दार उघडून "शूऽऽ" केलं. पॅसेजमध्ये कुणाची तरी पोरं पळत होती, त्यांच्यावर डोळे वटारले. ती बिचारी भिंतीला चिकटून चालायला लागली.

मग तो गोव्याचा माणूस आला. हातात टॉवेलचा घडी घालून केलेला हत्ती.

"शूऽऽ! साहब सो रहे हैं."

"तबीयत ठीक नहीं क्या, मॅडम?"

"तबीयत को क्या हुआ है? सी है ना आज! आपने ही बताया."

तो हत्ती घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याच्या डोक्यात काहीतरी उजेड पडला. त्यानं पडदा बोटभर सरकवला आणि बाहेर दाखवलं. "मॅडम, सी मतलब समुंदर."

बाहेर पाणी होतं. नुसतं पाणी. अगं बाई! दहावीला इंग्रजीत पास झालेली बाई मी, सी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं का? घड्याळ बघितलं. पावणेतीन. हॉल बंद.

ह्यांना गदागदा हलवलं. "उठा! कसली सी अन् कसलं काय! समुद्र आहे तो! गेलं माझं जेवण!"

हे डोळे चोळत म्हणाले, "मग उठवायचं ना."

"एकतीस वर्षांत सीला कधी उठवलंय तुम्हाला?"

बुफेतही तेव्हा गरम काही उरलं नव्हतं. मी काउंटरला टेकून एक गारढोण सँडविच खाल्लं, उभ्यानंच. समुद्रात येऊन परत ओटाच!

मग तिसरा दिवस बेट, किल्ला, फोटो. त्यातलं मला काही आठवत नाही, माझं सगळं लक्ष चौथ्या दिवसाकडं. त्या दिवशी सकाळपासून मी ह्यांना पलंगाला पाठ लावू दिली नाही. साडेबाराला आम्ही हॉलमध्ये. खिडकीजवळचं टेबल, पांढरी चादर, समोर हे. मी नवी पैठणी नेसले होते. वेटरनं माझ्या मांडीवर रुमाल पसरला, मला लाजच वाटली.

डाळ आली, भाजी आली. मग झाकलेल्या टोपलीत चार रोट्या आल्या.

मी एक उचलली. गार. वातड. थेट माझ्या डब्यातली, तळाची.

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. रोटीसाठी कुणी रडतं का? पण आलं. मी खिडकीकडं तोंड केलं.

ह्यांनी टोपलीतल्या रोटीला बोटाची मागची बाजू लावून बघितली, मशीनवरून निघालेला पार्ट बघतात तशी. आणि ताट घेऊन उठले.

"अहो, बसा!" मी ओरडलेच. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. "आज तरी ते ताट ठेवा खाली!"

हे थांबले नाहीत. हलत्या दारातून थेट भटारखान्यात. मी मनात म्हटलं, संपलं. दोन संधी होत्या, दोन्ही गेल्या. आता ह्या माणसाला इथंच समुद्रात सोडून घरी जायचं.

आतून ह्यांचा आवाज येत होता. "देखो भाऊ, आपका पूरा बॅच बनता है, फिर टोकरी में थांबता है. माल रुका की ठंडा हुआ. एक बना, एक भेजो!" कुणीतरी हसलं. कुणीतरी "जी सर" म्हणालं. मग दार उघडलं आणि हे आले, ताटात एकच रोटी. फुगलेली. वाफ निघत होती.

माझ्या ताटात टाकली आणि वळले. परत दुसरी घेऊन आले.

"अहो, बसा ना आता."

"तू जेव. माझं होतंय नंतर."

मी घास खाली ठेवला. हे वाक्य मी एकतीस वर्षं बोललेय, पण कुणी मला म्हटलेलं कधी ऐकलं नव्हतं. काय संताप येतो हो! ताटात वाफ, समोर खुर्ची रिकामी, आणि म्हणे नंतर. असं कोण जेवू शकेल?

ह्यांच्या शर्टाला धरून मी खाली बसवलं. रोटी मोडली, अर्धी ह्यांच्या ताटात टाकली. लागले लगेच भराभर गिळायला.

"सावकाश खा की. कंपनीचा भोंगा नाही वाजणार इथं."

"भोंग्याचं काय घेऊन बसलीस?" घास तोंडात धरूनच म्हणाले. "मी उठल्याशिवाय तू कधी बसायचीस का?"

हे तसेच खात राहिले, मग माझ्याकडं बघून जरा हळू झाले.

त्या दिवशी आम्ही पाऊण तास जेवलो. मधे दोनदा वेटर गरम रोटी देऊन गेला, एकेक. हॉल रिकामा झाला तेव्हा उठलो, दोघंही आपापलं ताट घेऊन, आणि तो बिचारा परत आमच्या मागं पळत आला.