एका डोंगराचा सौदा

औंधजवळच्या एका डोंगरावरचं गवत मी परस्पर देऊन टाकलं, एवढाच माझ्यावर आरोप आहे. बाकी माझी वागणूक चांगली आहे.

कुपवाडला माझं लेथचं वर्कशॉप आहे. दुसऱ्याच्या कारखान्यात लोखंडाचा कीस झाडत होतो, तिथून इथवर आलो ते कुणाला फुकट काही न देता. आणि माझी मुलगी ऋतुजा? दर रविवारी कॉलेजच्या पोरापोरींना घेऊन गवत वाचवायला जाते. फुकट! वर डबा घरचा!

त्या रविवारी त्यांची ठरवलेली जीप आली नाही.

"पप्पा, आपला टेम्पो आहे ना?" ऋतुजा म्हणाली. (घरात माझं काही असलं की ते 'आपलं' असतं.)

डोंगरावर पोचलो. कमरेइतकं पिवळं गवत, आणि पोरं विळे घेऊन वाकलेली. एकजण विळा असा धरत होता, जणू तो चावणार आहे! दुपारपर्यंत जेमतेम एक पट्टा कापून झाला. या वेगानं डोंगर कापायला यांची नातवंडं आणावी लागली असती. माझं डोकं तापलं.

तेवढ्यात दोन म्हशी घेऊन एक म्हातारा आला. गावचे दगडूआबा.

"आबा, हे सगळं गवत कापून नेता का?"

"न्हेऊ की. पर कापायची मजुरी कोण देणार?"

"मजुरी? अहो, गवत फुकट मिळतंय!"

"फुकाट कसलं? पाठ माजी मोडायची हाय."

मी ताणून धरलं. शेवटी ठरलं : आबानं संध्याकाळपर्यंत अख्खा डोंगर कापून न्यायचा आणि वर या पोरांना भाकरी-पिठलं घालायचं. मी दही वाढवून मागितलं. मिळालं! टाळी देऊन सौदा पक्का केला.

आबानं एक फोन लावला आणि घटकाभरात ट्रॅक्टर भरून भावकी हजर. सगळ्यांच्या हातात विळे. मी ऐटीत पोरांकडे गेलो.

"विळे ठेवा रे! सावलीत बसा. मी मिटवलंय सगळं."

"काय मिटवलंय?" ऋतुजानं विचारलं.

"डोंगर."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग कळलं ते असं : पोरांना डोंगर कापायचाच नव्हता! वणवा पुढं सरकू नये म्हणून कडेनं फक्त एक पट्टा मोकळा करायचा होता. बाकीचं गवत पावसाळाभर राखलेलं. त्याचं बी पिकलं की गोळा करून पलीकडच्या बोडक्या डोंगरावर टाकायचं होतं.

"आज कापलं तर बी गेलं, पप्पा. तो डोंगर यंदाही तसाच राहणार. गावानं माझ्या शब्दावर हा डोंगर राखायला दिलाय!" ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ती ओरडली नाही, हीच पंचाईत!

मी धावत सुटलो. भावकी पदर-टॉवेल खोचून वाकण्याच्या बेतात होती.

"थांबा! सौदा रद्द!"

"आसं कसं?" आबा म्हणाले. "टाळी दिलीया तुमी. तिकडं बायका भाकऱ्या थापाय बसल्यात."

"हे गवत पोरांनी राखलंय, आबा!"

"ठावं हाय की. समद्या गावाला ठावं हाय."

"मग मघाशी बोलला का नाही?"

"तुमी मालकावानी बोलत हुता. म्हटलं, पोरांचं मालक आसाल!"

मी चिडलो, हात जोडले, परत चिडलो. त्यावर आबानं शांतपणे पाठ फिरवली आणि भावकीला म्हणाले, "चला रं, लावा विळं!" ही पाठ फिरवायची युक्ती मी आयुष्यभर बाजारात वापरलीय. आधी हाक मारेल तो हरला, हे मला पक्कं माहीत आहे.

"आबा! ओ आबा!" मी हाक मारली.

नवा सौदा असा झाला : गवत उभं राहणार. बी काढून झालं की वाळलेलं गवत आबाचं. पट्ट्यावरचं कापलेलं आत्ताच आबाच्या गोठ्यात, माझ्या टेम्पोतून. तोवर गुरं शिरू नयेत म्हणून दर रविवारी राखणीला एक माणूस.

"पोरं बसतील की," मी म्हणालो.

"पोरास्नी कामं हाईत. तुमी बसा."

"आणि भाकरी?"

"भाकरी ठरलीया, ती मिळंल. दही मातूर कॅन्सल!"

माझ्या मागोमाग आलेली ऋतुजा पहिल्यांदा हसली, ती इथं. पोटच्या पोरीनं बापाच्या बाजूनं एक शब्द टाकायचा, तर ती आबाला म्हणाली, "आबा, त्यांना शिट्टीपण देऊ का?"

सध्या मी दर रविवारी डोक्यावर हिरवी टोपी आणि गळ्यात शिट्टी घालून त्या डोंगरावरून गुरं हाकलतो. डिझेल माझं, डबा माझा. गेल्या खेपेला आबा येऊन सगळीकडं नजर फिरवून गेले. जाताना म्हणाले, "काम बरं हाय तुमचं. पर पुढच्या साली ठेवायचं का न्हाई, ते बगू."