आईच्या हातावरची पट्टी

माझी आई दिल्लीतल्या एका सरकारी इस्पितळात नर्स होती. सगळी नोकरी सर्जिकल वॉर्डात गेली. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, फायलींत रमणारे. रक्त दिसलं की आधी बसायला खुर्ची शोधायचे.

निवृत्तीनंतर दोघं मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये राहायची, मी गाझियाबादला. एका मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना आईचा उजवा हात पत्र्याच्या कडेला घासला. म्हातारपणी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. कोपराखाली ती सोलली गेली, एका कडेने तेवढी जोडलेली राहिली. आईने जखम स्वतःच धुतली, वर गॉज ठेवलं आणि बाबांकडून पट्टी गुंडाळून घेतली. त्यांनी ती तोंड फिरवून गुंडाळली, हे तिने मला फोनवर हसत हसत सांगितलं.

पण जखम भरेना. रोज पट्टी सोडताना गॉज चिकटलेलं असायचं. भिजवून काढलं तरी खाली धरलेली नवी कातडी त्याच्याबरोबर निघायची आणि पुन्हा रक्त यायचं. रविवारी मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि आईला जवळच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेले.

डॉक्टरीण तरुण होती. जखम चिघळलेली नाही म्हणाली, पण गॉज बंद करायला सांगितलं. खाली न चिकटणारी सिलिकॉनची जाळी, वर फोमची पट्टी, आणि रोज उघडून बघायचं नाही. जखम थोडी ओलसर राहिली तरच नवी कातडी धरते. लाली पसरली, पू दिसला किंवा ताप आला, तर मात्र लगेच यायचं.

घरी आल्यावर आई म्हणाली, जखम कोरडी ठेवावी असंच आम्ही शिकलो, ओली ठेवली तर चिघळते. मी वाद घातला नाही. तिने फोमचा एक कोपरा कापला, बशीतल्या चहावर टेकवला. चहा आत शोषला गेला. तिने तो उलटून बोटाने हलकेच दाबून पाहिला.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे पाणी धरून ठेवतंय."

प्रश्न उरला तो लावण्याचा. मला वाटलं, मीच करीन. पण तेवढ्यात बाबा कोपरापर्यंत हात धुऊन समोर येऊन बसले. चेहरा पांढरा पडला होता, पण या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. आई त्यांना शिकाऊ नर्सला सांगावं तसं सांगत होती: आधी मधोमध टेकवा, ओढू नका, कडा शेवटी. सुटलेली कातडी ज्या बाजूने जोडलेली होती, तिकडून पट्टी काढायला सुरुवात करायची, म्हणून वर बाणाची खूण करायला तिने सांगितलं. बाबांनी शाईच्या पेनाने बाण काढला, अगदी ठसठशीत.

पट्टी बदलायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. बाबांनी बाणाच्या दिशेने ती हळूहळू उचलली. काहीच चिकटलं नव्हतं. खाली गुलाबी, ओलसर कातडी होती. आईने वाकून ती जवळून पाहिली.

"वॉर्डात गॉज काढताना मी पेशंटना म्हणायचे, थोडं सोसा," ती म्हणाली. "सोसायचे बिचारे. तेव्हा हे असतं तर किती बरं झालं असतं."

बाबा म्हणाले, "अगं, तुझा हात हलका होता. सगळे तेच सांगायचे."

आईने हात पुढे केला.

पावसाळा लागेपर्यंत जखम भरली. शेवटची पट्टी काढल्यावर बाबांनी विचारलं, अजून एक लावून ठेवू का, खबरदारी म्हणून? आता गरज नाही, आई म्हणाली. तरी तिचा हात त्यांनी लगेच सोडला नाही. नव्या कातडीच्या कडेने बोट फिरवत ते तसेच बसून राहिले. मी चहा टाकायला आत गेले.