ऐंशी किलोंची अट

नव्वदच्या दशकात आमच्या ह्यांनी दुबईजवळच्या अजमानमध्ये कबड्डीचा संघ पाळला होता. पाळला हाच शब्द बरोबर. खेळाडू म्हणजे साइटवर राबणारी कोकणातली पोरं, आणि मालक हे. गावी हे स्वतः नावाजलेले चढाईपटू होते. इथे आल्यावर आधी गुडघा गेला, मग खेळ. म्हणून हा हौसेचा संसार! आमचा धंदा डबे पुरवण्याचा. त्यातूनच गणवेश, बस, मैदानाचं भाडं. परत यायच्या फक्त घामट बनियनी, त्याही मीच धुवायच्या.

शेवटी मी निर्वाणीचं सांगितलं, "अहो, शुक्रवारची फायनल जिंकून बक्षीस आणलंत तर संघ राहील. नाहीतर खलास."

"दोन हजार दिरहॅम! म्हणजे तेवीस हजार रुपये!" हे खुशीत म्हणाले, आणि पोरांना ताकद यावी म्हणून आठवडाभर मटण, वडे, तुपातला शिरा सुरू केला. "वहिनी, अजून दोन वडे," करत पोरं जेवली हो, काय जेवली!

शुक्रवारी सामन्याआधी वजन झालं. ऐंशी किलोंच्या वर गेलेला खेळाडू बाद, हा नियमच होता. काटा मसाल्याच्या गोदामातून आणलेला. आमचे एकेक वीर त्यावर चढले आणि बाद होऊन उतरले. दोघे स्वेटर घालून उन्हात पळत सुटले, एकाने मिशी उतरवायची तयारी दाखवली. मी हसून हसून वाळूत बसकण मारली. ह्यांचं तोंड मात्र बघवत नव्हतं. उरलेल्या पाच जणांनिशी खेळलो आणि दणकून हरलो.

दोन-अडीचशे माणसांच्या विजयाच्या पंगतीसाठी आणलेली मटणाची पातेली तशीच होती. पोरांना वाढायला ह्यांनी झाकण उघडलं आणि वास सुटला. प्रेक्षक वळले. शेजारच्या मैदानावर रग्बी खेळणारे गोरेही, चिखलाऐवजी वाळूने माखलेले, येऊन उभे राहिले.

"हाऊ मच?" त्यांच्यातल्या एका आडदांडाने विचारलं.

"अरे हबीबी, पैसे कसले..." हे सुरू झाले. मी ह्यांना कोपराने ढकललं आणि म्हणाले, "टेन दिरहॅम, प्लेट!"

मग काय, झुंबड! बाद झालेले वीर वाढपी झाले. तो आडदांड दोन प्लेटी संपवून सांगत होता, की त्यांचा क्लबही तिकिटांवर नाही, सामन्यानंतरच्या खाण्यापिण्यावरच तगतो.

पातेली रिकामी झाल्यावर मी गल्ला मोजला. बक्षिसापेक्षा जास्त. हे व्हॅनच्या पायरीवर बसले होते, माझ्याकडे न बघता.

"खलास ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी मटण दुप्पट आणा," मी म्हणाले. "आणि पोरांना ताक-भाकरी."

हे उठले, दुखरा गुडघा विसरून वाळूत आखलेल्या रेषेपर्यंत धावले, तिला हात लावला आणि "कबड्डी, कबड्डी" करत माझ्याकडे परत आले. मला एकदम रडू फुटलं.